संगणक-क्षेत्रातील नोकरभरती : कला शाखेच्या पदवीधरांसाठी एक वाट आणि घरचे आयुष्य

आपल्या वऱ्हाडात मुलाचे किंवा मुलीचे शिक्षण संपले की नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. इंजिनिअरिंग झाले असेल तर "पुण्याला कंपनीत लागला काय?" आणि बी.ए. किंवा एम.ए. झाले असेल तर "कोणत्या परीक्षेचा फॉर्म भरला?" आय.टी. म्हणजे इंजिनिअरांचे क्षेत्र आणि कला शाखेच्या वाट्याला फक्त स्पर्धा परीक्षा, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकली आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. पुढे १९८० च्या दशकात बडनेरा, अकोल्याजवळचे बाभुळगाव आणि शेगाव येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. तेथून शिकलेली किती तरी मुले पुणे, मुंबई, बंगलोर, हैदराबादला गेली आणि त्यांनी घरे सावरली. याचा आपणांस सार्थ अभिमान आहे.

परंतु या वाटणीत एक गोष्ट नजरेतून सुटते. ही मुले कंपनीत जातात तेव्हा त्यांना कोणीतरी निवडते. त्यांचा अर्ज कोणीतरी आधी वाचते, पहिला फोन कोणीतरी करते, शंभर अर्जांतून दहा नावे कोणीतरी पुढे पाठवते. उरलेल्या नव्वदांचे काय होते, हेही त्याच माणसाच्या हाती असते. हे काम करणाऱ्यास 'रिक्रूटर' म्हणतात, आणि या कामातील पुष्कळजण इंजिनिअर नसतात. कला, वाणिज्य, समाजकार्य अशा शाखांचे पदवीधर येथे मोठ्या संख्येने आहेत. आमच्या वस्तीतील दोन मुली आणि एक मुलगा आज हे काम करीत आहेत. त्यांच्याशी वारंवार झालेले बोलणे, या विषयावरील थोडे वाचन, आणि बँकेच्या काउंटरवर पगारदार मुलांचे व्यवहार पाहून आलेली समज, एवढ्या शिदोरीवर हा लेख लिहीत आहे. समाजातील बी.ए. झालेल्या मुला-मुलींनी आणि त्यांच्या आई-वडिलांनी तो वाचावा, ही अपेक्षा.

कार्डापासून संगणकापर्यंत

नोकरी देणारा आणि मागणारा यांच्यामध्ये तिसरा कोणी असणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून 'कार्ड' काढणे हा एके काळी प्रत्येक घरातला विधी होता. या कार्यालयांचा उगम दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचा आहे. लढाईवरून परतणाऱ्या सैनिकांना कामधंद्याला लावण्यासाठी १९४५ साली केंद्राच्या मजूर खात्याने ही यंत्रणा उभारली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९४८ पासून ही केंद्रे सर्व बेरोजगारांना खुली झाली. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणे भाग पडले. मात्र कार्डधारकालाच घ्या, अशी सक्ती त्यात नव्हती. खाजगी क्षेत्र आपली माणसे आपल्या मार्गाने शोधत राहिले.

तो मार्ग आधी वर्तमानपत्रातील जाहिरातींचा होता. १९९७ साली नोकरी डॉट कॉम सुरू झाले, २००३ साली लिंक्डइन आले, आणि अर्जांचे गठ्ठे संगणकात गेले. आता अडचण उलटी झाली. पूर्वी अर्ज मिळवावे लागत, आता एका जागेसाठी शेकड्यांनी येतात. त्यातून योग्य माणूस वेगळा काढण्यासाठी स्वतंत्र माणसे लागू लागली. काही जण कंपनीच्याच मनुष्यबळ विभागात असतात, काही जण कन्सल्टन्सीत. कन्सल्टन्सी म्हणजे अनेक कंपन्यांसाठी माणसे शोधून देणारे कार्यालय. नवख्याला बहुधा प्रथम कन्सल्टन्सीत प्रवेश मिळतो.

कामाची रीत

हे काम पाच टप्प्यांत चालते.

(१) मागणी समजून घेणे : कंपनीकडून एक कागद येतो. काम कोणते, अनुभव किती वर्षांचा, गाव कोणते, पगार किती. त्यातील तांत्रिक शब्द कळले नाहीत तर पुढचे सारे चुकते. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन संगणक-भाषांचे उदाहरण घ्या. दोन्ही १९९५ साली आल्या, नावे जवळची, पण एक येणाऱ्याला दुसरी येईलच असे नाही. नवखा रिक्रूटर जावाच्या जागेसाठी जावास्क्रिप्टवाल्यांना दिवसभर फोन करत बसतो आणि संध्याकाळी साहेबांची बोलणी खातो. त्याला प्रोग्रॅम लिहिता यावा अशी अपेक्षा नसते. कापसाच्या ग्रेडरला पऱ्हाटी लावता आलीच पाहिजे असे नाही, पण धाग्याची लांबी आणि कापसातील ओल ओळखता आली पाहिजे. तितकी ओळख येथे लागते, आणि ती सहा महिने चिकाटीने वाचले, विचारले तर येते.

(२) शोध घेणे : संकेतस्थळावरील लाखो अर्जांतून नेमके अर्ज काढण्यासाठी 'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन शब्दांनी वाक्य बांधावे लागते. 'टेस्टिंग, आणि पुणे किंवा नागपूर, पण नवशिका नाही', अशा धर्तीवर. याला बूलियन शोध म्हणतात. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या तर्कशास्त्रावरून हे नाव पडले. येथे शब्दांची जाण उपयोगी पडते. एकच काम एका कंपनीत 'टेस्टर', दुसरीत 'क्यूए इंजिनिअर', तिसरीत 'क्वालिटी अ‍ॅनालिस्ट' म्हणवते. ज्याला समानार्थी शब्द सुचतात त्याला माणसे सापडतात. भाषा विषय घेऊन बी.ए. झालेल्याने स्वतःस येथे कमी समजू नये.

(३) पहिला फोन : सध्याचे काम, सध्याचा पगार, अपेक्षा, गाव बदलण्याची तयारी, आणि सध्याची नोकरी सोडण्यास लागणारा अवधी एवढे विचारायचे असते. पण समोरचा माणूस नोकरीत असतो, साहेबासमोर बोलू शकत नाही. म्हणून खरे बोलणे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी सातनंतर होते. या व्यवसायात घरच्या वेळेवर घाला येतो तो येथूनच. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

(४) मुलाखती जुळवणे : तीन-चार फेऱ्या, प्रत्येक फेरीला दोन्हीकडची सवड, आणि प्रत्येक फेरीनंतर निकाल कळवणे.

(५) ऑफरपासून रुजू होईपर्यंत : अनेक मोठ्या आय.टी. कंपन्यांत नोटीस नव्वद दिवसांची असते. या तीन महिन्यांत उमेदवार हातातील ऑफर दाखवून दुसरीकडे वाढीव पगार मागतो, आणि रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करतो. कापूस ग्रेडरला 'मी येत नाही' म्हणत नाही, माणूस म्हणतो. म्हणून मुलाखत झाली म्हणजे काम झाले असे या धंद्यात कोणी मानत नाही.

कन्सल्टन्सीचा मोबदला बहुधा उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या टक्केवारीत ठरतो. ८.३३ टक्के हा आकडा आपल्याकडे फार ऐकू येतो. वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार, एवढाच त्याचा अर्थ. उमेदवार ठरलेल्या मुदतीत सोडून गेला तर बदली माणूस द्यावा लागतो.

येथे पालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. हा मोबदला कंपनी देते. प्रामाणिक कन्सल्टन्सी उमेदवाराकडून नोंदणी फी, अनामत रक्कम, लॅपटॉपचे पैसे किंवा 'ट्रेनिंग चार्ज' घेत नाही. कोणी पैसे भरायला सांगितले की तेथेच थांबावे. दागिने गहाण ठेवून 'पक्क्या नोकरी'साठी पैसे पाठवायला आलेले आई-बाप काउंटरवर दिसतात तेव्हा जीव तुटतो. पैसे पाठवण्यापूर्वी कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर जाऊन जागा खरोखर आहे की नाही हे पाहावे. रिक्रूटर होऊ इच्छिणाऱ्यानेही ज्या कार्यालयात उमेदवाराकडून पैसे घेण्याची रीत आहे तेथे एक दिवसही थांबू नये.

पगाराचे गणित

रिक्रूटरला 'सी.टी.सी.' हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारावा लागतो. कंपनीला एका माणसापायी वर्षाला येणारा एकूण खर्च, असा त्याचा अर्थ. तो म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. एक नमुना पाहू. सी.टी.सी. ४,२०,००० रुपये, म्हणजे महिना ३५,००० रुपये. मूळ वेतन त्याच्या निम्मे, १७,५०० रुपये धरू. मूळ वेतनावर मालकाचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्क्यांनी २,१०० रुपये आणि ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्क्यांनी ८४२ रुपये, हे दोन्ही सी.टी.सी.तच मोजलेले असतात. ते वजा जाता ३२,०५८ उरले. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधी २,१०० आणि व्यवसाय कर २०० रुपये गेले की हातात २९,७५८ रुपये येतात. सी.टी.सी.मध्ये कामगिरीवर अवलंबून असलेला हिस्सा असेल तर दरमहा हाती येणारा आकडा आणखी खाली जातो.

पस्तीस हजार ऐकून आलेला मुलगा पहिल्या महिन्यात एकोणतीस हजार पाहतो आणि आपण फसलो असे समजतो. पुण्याची खोली, मेस, शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्याने पस्तीसवर बसवलेला असतो. जो रिक्रूटर ऑफर देतानाच हा हिशोब कागदावर मांडून दाखवतो, त्याचा उमेदवार रुजू होतो आणि टिकतो. या व्यवसायात खरे बोलण्याचा व्यवहारातही फायदा आहे, तो असा.

नाव, आडनाव आणि निवड

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्या मुद्द्याकडे येतो. बँकेतील लिपिकाची निवड लेखी परीक्षेवर होते. २०११ पासून आय.बी.पी.एस. ही संस्था राष्ट्रीयीकृत बँकांसाठी सामायिक परीक्षा घेते. उत्तरे तपासणाऱ्या यंत्राला आडनाव वाचता येत नाही, आणि आरक्षणही लागू असते. खाजगी कंपनीत आरक्षण नाही, आणि निवड माणसाच्या वाचण्यावर सुरू होते. तेथे अर्जावरचे नाव काम करते काय?

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध शोध घेणारे गृहस्थ आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले आहेत. अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात, जे २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, त्यांनी पॉल अ‍ॅटवेल या अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांसह हा प्रयोग केला. २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतील खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवण्यात आले. पात्रता सारखी, पण एका अर्जावर उच्चवर्णीय हिंदू वाटेल असे नाव, दुसऱ्यावर दलित, तिसऱ्यावर मुस्लिम. ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज गेले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढील फेरीसाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाची १ धरली, तर तितक्याच शिकलेल्या दलित नावाची ०.६७ आणि मुस्लिम नावाची ०.३३ निघाली. मुलाखत झालीच नव्हती. फक्त कागद वाचला गेला होता.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २५ कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यासही प्रसिद्ध झाला. सारे अधिकारी गुणवत्तेची भाषा बोलत होते, पण उमेदवाराच्या 'कौटुंबिक पार्श्वभूमी'लाही महत्त्व देत होते. वडील काय करतात, घर कसे आहे, भावंडे किती शिकली, हे प्रश्न. ज्याचे वडील जिनिंगमध्ये हमाल होते त्याने येथे काय उत्तर द्यावे?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अभिजित बॅनर्जी (पुढे २०१९ चे नोबेल मानकरी) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील ३७१ जागांसाठी ३,१६० अर्ज पाठवून तसाच प्रयोग केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअरच्या जागांमध्ये त्यांना जातीवरून भेदभाव झाल्याचा पुरावा मिळाला नाही. कॉल सेंटरच्या जागांमध्ये मात्र उच्चवर्णीय नावे आणि इतर मागासवर्गीय नावे यांत ठळक फरक दिसला, आणि काही प्रमाणात अनुसूचित जातींच्या नावांबाबतही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून मला त्याचा अर्थ असा लागतो की, जेथे कौशल्य मोजून पाहता येते तेथे नावाचे वजन घटते. जेथे बोलण्या-वागण्यावरून 'हा आपल्यात बसेल काय' हे अंदाजाने ठरते तेथे नाव डोके वर काढते.

यंत्राकडे निवड सोपवली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. अर्ज चाळण्यासाठी अ‍ॅमेझॉन कंपनीने तयार केलेली संगणक-प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना खाली ढकलत होती, म्हणून ती सोडून द्यावी लागली, असे २०१८ साली उघडकीस आले. यंत्राला जुन्या अर्जांवरून शिकवले होते आणि जुन्या अर्जांत पुरुषच अधिक होते. मागची निवड जशी, तशी यंत्राची बुद्धी.

आपला माणूस निवडणाऱ्याच्या खुर्चीत बसावा असे मी म्हणतो ते यासाठी. त्याने आपल्या लोकांना आत घुसवावे, हा त्याचा अर्थ नाही. तसे केल्यास ज्या वशिल्याविरुद्ध आपण बोलतो तोच आपण करू, आणि पहिल्या तपासणीत त्याची नोकरीही जाईल. त्याने करायचे ते साधे आहे. एका जागेसाठी सर्वांना तेच प्रश्न विचारावेत. चर्चेआधी आपले गुण कागदावर लिहावेत. वडिलांचा व्यवसाय विचारू नये. अर्ज नाकारला तर कारण एका ओळीत नोंदवावे, म्हणजे 'बसत नाही' असे मोघम लिहिता येत नाही. कर्मचाऱ्यांच्या ओळखीतून येणाऱ्या शिफारशींबरोबर अचलपूर, अकोट, दर्यापूरच्या मुलाचा बिनओळखीचा अर्जही उघडून पाहावा. कंपन्या ओळखीतून आलेल्या उमेदवारासाठी कर्मचाऱ्याला बक्षीस देतात. ज्यांच्या घरातले कोणी आधी कंपनीत नाही, त्यांच्यासाठी शिफारस करणारा कोठून येणार? असा अर्ज वाचणारा एक माणूस आत असणे, ही फार मोठी गोष्ट आहे.

नोकरीबाहेरचे आयुष्य

या व्यवसायाची किंमत वेळेत मोजावी लागते. आमच्या बँकेत कामाचे तास ठरलेले आहेत, आणि सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार सुट्टीचा झाला तो कर्मचारी संघटनांच्या वाटाघाटींमुळे. रिक्रूटरच्या मागे बहुधा संघटना नसते. महिन्याचे लक्ष्य असते, आणि संध्याकाळी सातनंतर उमेदवार बोलायला मोकळा होतो.

कामाचे तास कमी करणे हा माणुसकीचा प्रश्न आहे, हे आपण विसरता कामा नये. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, आणि हंगामी कारखान्यांचे ६० वरून ५० वर. आपल्याकडील जिनिंग-प्रेसिंग हंगामीच. ज्यांचे आजे अकोल्याच्या जिनात होते त्यांना या दहा तासांचे मोल सांगायला नको. ते विधेयक मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले होते. आज नातवाने वातानुकूलित खोलीत बसून आठवड्याचे साठ-सत्तर तास स्वखुशीने द्यावेत, यात प्रगती कोणती?

सिगालोवाद सुत्तात मालकाची नोकराप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात काळजी घेणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. विश्रांतीला तेथे वेतनाच्याच पंक्तीत बसवले आहे, हे लक्षात घ्यावे.

व्यवहारात काय करावे? या कामातील मुलांच्या अनुभवावरून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पाळीची. अमेरिकेतील कंपन्यांसाठी येथून माणसे शोधणारी कार्यालये पुण्या-नागपुरात आहेत आणि ती नवख्यांना लवकर घेतात. पण न्यूयॉर्कचे सकाळी ९ ते संध्याकाळी ६ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळी ६.३० ते पहाटे ३.३०, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ७.३० ते ४.३०. हे काम करू नये असे नाही. मात्र किती वर्षे करायचे, हे रुजू होण्याआधी ठरवावे. झोप, लग्न, लहान मूल आणि आजारी आई-वडील यांपैकी कशाचेही या वेळापत्रकाशी जमत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था आवश्यक आहे. मुलींनी घरी नेऊन सोडण्याच्या वाहनाची सोय लेखी घ्यावी.

दुसरी गोष्ट फोनची. कामाचा क्रमांक वेगळा ठेवावा. संध्याकाळचे बोलणे टाळता येत नाही, तर आठवड्यातील तीन संध्याकाळी त्यासाठी ठरवाव्यात, उमेदवाराला तशा वेळा द्याव्यात आणि उरलेल्या चार घरच्यांच्या ठेवाव्यात. आमच्या ओळखीतील एक मुलगी मंगळवार, बुधवार, गुरुवार एवढेच दिवस उशिरापर्यंत बोलते. उमेदवार त्या वेळा पाळतात, आणि तिचे कामही अडत नाही.

तिसरी गोष्ट सुट्टीची. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन यांच्या रजा वर्षारंभीच मागाव्यात. ऐन वेळी मागितलेली रजा महिनाअखेरच्या लक्ष्याखाली चिरडली जाते. अमरावती-पुणे गाडीचे आरक्षणही आधी करावे, म्हणजे जाणे पक्के होते.

चौथी गोष्ट मनाची. रिक्रूटर दिवसभर नकार ऐकतो आणि नकार कळवतो. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाचे कर्ज थकलेले असते, आणि त्याला 'आपली निवड झाली नाही' हे सांगायचे असते. हे ओझे उतरवायला कामाशी संबंध नसलेले काही तरी हवे. गायन पार्टी, व्यायामशाळा, क्रिकेट, वाचनालय, विहारातील रविवारची वंदना, काहीही चालेल. हिंजवडी-वाकडच्या खोलीत चार मुले राहतात, पण चौघांच्या पाळ्या वेगळ्या असल्याने आठवडाभर एकत्र जेवण होत नाही. अशा ठिकाणी आठवड्यातून एक जेवण सोबत घेण्याचा नियम करावा.

समाजासाठी वेळ द्यावा, पण मापाने. रविवारी दोन तास विहारात बसून मुलांचे अर्ज दुरुस्त करून देणे हे मोठे काम आहे. मात्र रिक्रूटर झाल्याचे कळताच सगळ्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात, आणि रविवारचेही ऑफिस होते. दोन तास म्हणजे दोन तास. आपणही त्या मुलाला रात्री अकराला फोन करून "आमच्या पोराचं काही जमते काय?" असे विचारू नये.

मंदीची तयारी

भरती थांबली की भरती करणाऱ्याचे काम प्रथम थांबते. मेटा या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजारांवर कर्मचारी कमी केले तेव्हा भरती विभागाला झळ अधिक बसेल, असे कंपनीनेच कळवले होते. नवीन माणसे घ्यायची नाहीत तर निवडणारे कशाला, असा हिशोब असतो. म्हणून या व्यवसायात येणाऱ्याने बचतीला सुरुवातीपासून जागा द्यावी. सिगालोवाद सुत्तातच मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवायचा. पगारदार माणसाने व्यवसायाच्या दोन भागांत घरभाडे, कर्जाचा हप्ता आणि पुढील शिक्षण धरावे. चौथ्या भागाला मात्र हात लावू नये. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत मोटारसायकल कर्जावर घेऊ नये, असे बँकेत बसणारा माणूस म्हणून मी आग्रहाने सांगेन.

सुरुवात कशी करावी

पदवी कोणतीही चालते. मनुष्यबळ विषयात एम.बी.ए. असेल तर कंपनीच्या विभागात प्रवेश सोपा होतो, पण कन्सल्टन्सीत त्यावाचून अडत नाही. इंग्रजी बोलणे फाडफाड नसले तरी स्पष्ट हवे. रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या मोठ्याने वाचण्याचा सराव करावा. संगणकावर एक्सेलमध्ये तक्ता करता आला पाहिजे. नोकरीच्या संकेतस्थळांवरील वीस जाहिराती रोज वाचाव्यात आणि न कळलेला प्रत्येक शब्द वहीत लिहून त्याचा अर्थ शोधावा. दोन महिन्यांत दीडशे-दोनशे शब्दांची स्वतःची वही तयार होते, आणि मुलाखतीला तीच कामी येते. आपल्याच गावातील अभियांत्रिकीच्या मुलांना गाठून त्यांचे काम समजून घ्यावे.

वर्षभर कन्सल्टन्सीत काढल्यावर एखाद्या विषयात हात बसवावा. कोणी डेटाबेसच्या जागा भरतो, कोणी सुरक्षा-तंत्राच्या. असा माणूस तीन-चार वर्षांत कंपनीच्या विभागात जाऊ शकतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली आहे, त्यामुळे अमरावती-अकोल्यात राहूनही काही जणांना हे काम मिळते. वृद्ध आई-वडिलांना सोडून जाता न येणाऱ्या मुला-मुलींसाठी ही सोय मोलाची आहे.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडा, असे कोणी समजू नये. त्या वाटेने मी स्वतः आलो आणि माझे घर उभे राहिले. पण पाच-सहा वर्षे अभ्यास करूनही यादीत नाव न आलेली हुशार मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांचे वाचन आणि चिकाटी वाया गेलेली नाही. त्यांनी या कामाची माहिती घ्यावी, आणि कुठल्या तरी कंपनीत अर्जांच्या ढिगासमोर आपला एखादा मुलगा किंवा मुलगी बसावी. त्या ढिगात दर्यापूरच्या मुलाचा अर्ज आला की तो नाव न पाहता शेवटपर्यंत वाचला जावा, आणि काम संपल्यावर वाचणाऱ्याने वेळेवर घरी जावे, एवढीच इच्छा आहे.